आहारशास्त्र शिकायला कोण जातं?

आमच्या चलथाणमध्ये बारावीनंतर मुलगी काय करणार, असा प्रश्न निघाला की उत्तरं ठरलेली असतात. बी.कॉम., बी.सी.ए., बी.एड., फार तर फार्मसी. एखादीनं "न्यूट्रिशनमध्ये एम.एस्सी. करायचंय" असं सांगितलं, की ऐकणारी बाई जरा थांबते आणि हमखास म्हणते, "म्हणजे स्वयंपाकाचंच ना? ते तर घरी बसूनही शिकता येतं." हे वाक्य मी उपाश्रयाच्या पायरीवर ऐकलंय, लग्नाच्या मांडवात ऐकलंय आणि सुरत-भुसावळ गाडीच्या लेडीज डब्यातही ऐकलंय. बोलणारीच्या मनात वाईट काही नसतं. पण या वाक्याच्या मागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यातला मोठा भाग मराठी बायकांचा आहे, आणि थोडा आपल्या शेजारच्या बडोद्याचाही. तो आपल्याला कुणी सांगितला नाही, म्हणून आज मी सांगते.

मी काही शास्त्राची विद्यार्थिनी नाही. इतिहास घेऊन बी.ए. झाले, लग्न होऊन खानदेशातून या गुजरातेत आले आणि तीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळलं. तेव्हा मी सांगणार ते इतिहासाच्या बाजूनं. गोळ्या-औषधांचं ज्यांचं काम त्यांनी सांगावं.

सुरुवात जरा लांबून करते. अमेरिकेत एलन स्वॅलो रिचर्ड्स नावाची बाई होती. रसायनशास्त्र शिकलेली. बोस्टनच्या एम.आय.टी. या संस्थेत शिकायला मिळालेली ती पहिली स्त्री. १८७३ साली तिथून पदवीधर झाली. पुढची पदवी मात्र संस्थेनं तिला घेऊ दिली नाही. मग तिनं काय केलं, तर आपलं रसायनशास्त्र पाण्यात, हवेत आणि अन्नात आणलं. १८९३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. त्याच वर्षी, त्याच शहरात सर्वधर्म परिषद झाली आणि महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी जैन धर्माबद्दल बोलायला गेले, हे आपल्याला पाठच आहे. त्या प्रदर्शनात रिचर्ड्सबाईंनी एक छोटं स्वयंपाकघर मांडलं होतं. तिथे जेवण विकत मिळे, आणि जेवणाबरोबर कार्ड मिळे: या ताटात प्रथिनं किती, चरबी किती, पिष्ट किती, उष्मांक किती. आज बिस्किटाच्या पुड्यावर मागे जो तक्ता छापतात, त्याची ती आजीच म्हणा ना. या बाईंनीच पुढे 'होम इकॉनॉमिक्स' हा विषय अमेरिकेत उभा केला. आपल्याकडे तो 'गृहविज्ञान' म्हणून आला.

इस्पितळातला आहार हा वेगळा धागा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिलं, त्यात रोग्याला काय द्यावं, केव्हा द्यावं यावर स्वतंत्र प्रकरणं आहेत. पहिल्या महायुद्धात अन्नाची टंचाई झाली तेव्हा, १९१७ साली, अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ बायकांनी क्लीव्हलंड शहरात जमून आपली संघटना काढली. त्यांच्या दोन पुढाऱ्यांपैकी लेना कूपर ही बॅटल क्रीक नावाच्या आरोग्यधामात काम करायची. तिथल्या रोग्यांना शाकाहारी जेवण मिळे. म्हणजे शाकाहारी ताट आणि आहारशास्त्र यांचं नातं काही आज जडलेलं नाही.

आता आपल्याकडे येऊ. १९१६ साली पुण्याला धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली होती, तिच्यावरून ही कल्पना त्यांनी घेतली. शिकवायचं मातृभाषेतून, आणि विषयांत घर, आरोग्य, शरीरशास्त्र यांना मानाची जागा. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि १९२० पासून त्यांच्या मातोश्रींचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसींचं नाव विद्यापीठाला लागलं. तेच आपलं एस.एन.डी.टी. तेव्हाही लोक दोन्ही बाजूंनी बोलले. काही म्हणाले, बायकांना कशाला विद्यापीठ? काही म्हणाले, बायकांना वेगळा अभ्यासक्रम म्हणजे कमी अभ्यासक्रम. दुसरी शंका खोटी नव्हती. "स्वयंपाकाचंच ना" हे आजचं वाक्य त्या शंकेच्याच पोटातलं. पण हेही लक्षात घ्या, की ज्या घरात मुलीला गणित-रसायन शिकायला कुणी पाठवलं नसतं, त्या घरानं तिला "घराचं शास्त्र" शिकायला पाठवलं. दार लहान होतं, पण ते उघडं होतं.

पुढची पायरीही पुण्याचीच. १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन पुण्याला भरलं. अध्यक्षा होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. या परिषदेनं मुलींच्या शिक्षणाचा ध्यास घेतला आणि १९३२ साली दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज निघालं, गृहविज्ञान शिकवण्यासाठी. मग देश स्वतंत्र झाला. बडोद्याला १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याच्या कुलगुरू झाल्या हंसाबेन मेहता. मुलं-मुली दोघंही शिकतात अशा विद्यापीठाच्या कुलगुरूपदी बसलेली ही भारतातली पहिली स्त्री. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या मसुद्यात "सर्व पुरुष" असे शब्द होते, तिथे "सर्व माणसं" असा बदल करायला लावणाऱ्या त्या याच. त्यांच्याच काळात, १९५० साली, बडोद्यात गृहविज्ञान विद्याशाखा सुरू झाली. आज आपल्या सुरत-नवसारी-बारडोलीकडची मुलगी आहारशास्त्रात एम.एस्सी. करायचं म्हणते तेव्हा पहिलं नाव बडोद्याचंच घेते.

हंसाबेनची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं त्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. प्रश्न असा होता, की मुलांचा आणि मुलींचा अभ्यासक्रम वेगळा असावा का? आता गृहविज्ञानाची विद्याशाखा जिच्या काळात उभी राहिली, तिनं काय म्हणावं अशी तुमची अपेक्षा? समितीनं सांगितलं, की असा भेद नको. शाळेत गृहविज्ञान शिकवायचं तर मुलगे-मुली दोघांनाही शिकवा. पुढे कोठारी आयोगानंही, गृहविज्ञान मुलींवर सक्तीचं नको, हेच म्हटलं. म्हणजे हा विषय बायकांच्या गळ्यात कायमचा बांधावा असं तो रुजवणाऱ्या बाईलाही वाटत नव्हतं. साठ वर्षं झाली या गोष्टीला. आपल्या मुलग्यांना आपण अजून कणीक तिंबायला लावत नाही, तो भाग निराळा.

हा झाला कॉलेजचा रस्ता. दुसरा रस्ता होता प्रयोगशाळेचा, आणि तिथे बायकांना दार लहानसुद्धा नव्हतं.

निलगिरीतल्या कुन्नूरला १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरांनी एका खोलीत बेरीबेरी या रोगाचा अभ्यास सुरू केला. त्या खोलीची पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा झाली, १९५८ साली ती हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. भारतातल्या कुठल्या धान्यात, डाळीत, भाजीत काय आहे याचे तक्ते याच संस्थेनं तयार केले. मॅककॅरिसननंतर आयक्रॉइड, मग आपले विनायक नारायण पटवर्धन, मग गोपालन, असे तिचे संचालक. सगळे मोठे लोक आणि सगळे पुरुष. कॉलेजात शिकवणाऱ्या बायका आणि प्रयोगशाळा चालवणारे पुरुष, अशी या विषयाची वाटणी बरीच वर्षं होती.

तरी दोन बायका त्यात शिरल्या. पहिली इंग्रज, ल्यूसी विल्स. १९२८ साली ती मुंबईला आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायका रक्त कमी होऊन मरत होत्या, त्याचं कारण तिला शोधायचं होतं. तिनं त्या बायकांच्या ताटात काय असतं ते पाहिलं, प्राण्यांवर प्रयोग केले, आणि यीस्टच्या एका स्वस्त अर्कानं हा पंडुरोग बरा होतो हे दाखवलं. त्या अर्कातला तो घटक म्हणजे फोलेट. १९४१ साली तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला, म्हणून त्याचं नावही पानावरून पडलं, फॉलिक अ‍ॅसिड. आज अंगणवाडीत आणि दवाखान्यात गरोदर बाईला जी लाल गोळी मिळते, तिच्यात लोहाबरोबर हेच असतं. तुम्ही-आम्ही सगळ्यांनी ती खाल्लीय. तिचा शोध परळ-भायखळ्याच्या बायकांच्या रक्तातून लागलाय हे कितीजणींना ठाऊक असतं?

दुसरी आपली मराठी, कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांची बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले. कमलाबाई १९३३ साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि पुढच्या शिक्षणासाठी त्याच संस्थेत त्यांनी अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळवलेला माणूस. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, मुलगी आहे. कमलाबाई मुकाट्यानं परत आल्या नाहीत. थेट बंगळूरला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करीन म्हणाल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. एक वर्ष उमेदवारी, नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं. आणि प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये. शेवटची अट वाचताना आजही अंगावर काटा येतो. वर्षभरात त्यांचं काम पाहून रामन यांनी त्यांना कायम केलं आणि नंतर संस्थेत इतर मुलींनाही घेतलं. १९३६ साली कमलाबाई एम.एस्सी. झाल्या. पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. म्हातारपणीही बोलून दाखवला.

आणि मैत्रिणींनो, ही एम.एस्सी. कशावर होती? दुधातल्या आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर! म्हणजे आपल्या रोजच्या ताटावर. "स्वयंपाकाचंच ना" म्हणणाऱ्या बाईला मला इथे थांबवावंसं वाटतं. हो, स्वयंपाकाचंच. तेच शिकायला एका मुलीला नोबेलवाल्याशी भांडावं लागलं.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम-सी नावाच्या द्रव्यावर त्यांनी काम केलं आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. झालेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. परत आल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजात शिकवलं, मग कुन्नूरच्या त्याच प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक झाल्या. १९४७ साली लग्न झालं, मुंबईला आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. पुढे त्याच संस्थेच्या संचालकही झाल्या, पण ते पद मिळायला फार उशीर झाला. बाई असण्याची किंमत तिथेही मोजावी लागली.

मुंबईत त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांबरोबर जे विषय घेतले ते बघा. एक म्हणजे नीरा. आपल्या सुरत-बारडोलीकडे हिवाळ्याच्या सकाळी रस्त्याच्या कडेला नीरेचे पेले भरलेले दिसतात. त्या रसात आणि त्याच्या गुळात जीवनसत्त्वं आणि लोह किती, कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना त्याचा उपयोग होतो का, हे कमलाबाईंनी तपासलं. त्या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. दुसरा विषय कडधान्यांचा. वाल, पावटा यांसारख्या कडधान्यांत प्रथिनं पचू न देणारा एक पदार्थ असतो. नीट शिजवलं की तो निकामी होतो. आजी सांगायची, "वाल कच्चे ठेवू नका गं, पोटात दुखेल." आजीचं म्हणणं बरोबर होतं. का बरोबर, ते कमलाबाईंच्या प्रयोगशाळेतल्या कामानं कळलं. पुढे १९६६ साली मुंबईत ग्राहकांच्या हक्कांसाठी संस्था निघाली, तिच्या स्थापनेतही त्या होत्या, आणि भेसळ कशी ओळखायची हे त्यांनी गृहिणींना समजेल अशा शब्दांत लिहिलं. १९९८ साली त्या गेल्या.

आता आजच्याबद्दल. १९६३ साली भारतीय आहारतज्ज्ञांची संघटना, इंडियन डायटेटिक असोसिएशन, स्थापन झाली. नोंदणीकृत आहारतज्ज्ञ, म्हणजे नावापुढे 'आर.डी.' लावायचं, तर तिची परीक्षा द्यावी लागते. त्याआधी पदव्युत्तर शिक्षण हवं, आणि मान्यताप्राप्त इस्पितळात सहा महिने प्रत्यक्ष काम. २०२१ साली संसदेनं आरोग्यसेवेशी निगडित व्यवसायांचा कायदा केला, त्यात आहारतज्ज्ञांचाही समावेश झाला. म्हणजे उद्या कुणीही उठून, वजन कमी करण्याची पावडर विकत, स्वतःला डाएटिशियन म्हणवणं अवघड व्हावं, अशी दिशा आहे.

एम.एस्सी.ला शिकतात काय, तर जीवरसायन, शरीरक्रिया, संख्याशास्त्र, रोगांतला आहार, सार्वजनिक पोषण, आणि शेवटी स्वतःचा प्रबंध. मूत्रपिंड अधू झालेल्या माणसाला डाळ किती द्यायची, कोणती भाजी भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकून द्यायचं, नळीनं अन्न देताना काय मोजायचं, हे सगळं त्यात येतं. पोळ्या लाटणं त्यात नाही.

आणि जातं कोण? माझ्या ओळखीत अशा सहा-सात मुली आहेत, तापी लाइनवरच्या: नंदुरबारच्या, अमळनेरच्या, बारडोलीच्या, आमच्या चलथाण-कडोदऱ्याच्या. सगळ्या मुलीच. एक-दोघी डॉक्टर व्हायचं म्हणत होत्या, मार्क कमी पडले. दोघी केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी करून आल्या. एकीच्या घरी वडिलांना मधुमेह, आई रोज गोंधळलेली, म्हणून तिनं हा विषय घेतला. आणि बाकीच्यांच्या घरच्यांनी हो म्हटलं ते याच कारणानं, की "बाईमाणसाला शोभेल असं आहे, लग्नानंतरही उपयोगी पडेल." कर्व्यांच्या काळातलं लहान दार अजून तसंच उघडं आहे म्हणायचं.

पण त्या दारातून आत गेलेल्या मुलीला पुढे अडवलं जातं ते नेमकं पदव्युत्तरच्या वळणावर. आमच्या घरचंच सांगते. माझी पुतणी बी.एस्सी. झाली आणि बडोद्याला एम.एस्सी.ला गेली. आता दुसरं वर्ष आहे. दिवाळीत घरी आली तेव्हा माझ्या मोठ्या जाऊबाईंनी हिशेब मांडला, "दोन वर्षं होतील. मग सहा महिने इस्पितळात बिनपगारी काम. मग परीक्षा. पंचवीस उलटेल. स्थळं काय थांबणार आहेत? एम.एस्सी.चं सर्टिफिकेट आलं की पुरे." मुलगी शांतपणे म्हणाली, "आई, तेवढ्यावर मी लोकांना सल्ला देईन, पण ज्याची किडनी बिघडलीय त्याच्या ताटाला हात लावायची माझी हिंमत होणार नाही. ते इस्पितळातच शिकता येतं." जाऊबाईंचं चुकलं असं मी म्हणत नाही. पोरीच्या आईला रात्री झोप लागत नाही, ती का, ते आईलाच कळतं. पण रामन यांनी जे दार अडवलं होतं ते कमलाबाईंना दिसत तरी होतं. घरातलं दार प्रेमानं लावलं जातं, त्याच्यासमोर सत्याग्रह कसा करायचा?

म्हणून मला या विषयाची आपल्याला गरज किती, ते सांगावंसं वाटतं.

पहिली गरज आपल्या स्वतःच्या घरातली. माझ्या सासूबाई आजारी होत्या तेव्हा एका इस्पितळातून छापील आहारतक्ता हातात मिळाला. त्यात सकाळी उकडलेलं अंडं, दुपारी बटाटा-गाजराची भाजी, रात्री साडेआठला सूप. सासूबाईंनी उभ्या जन्मात कंदमूळ खाल्लं नव्हतं आणि सूर्यास्तानंतर तोंडात पाणी घेतलं नव्हतं. कागद उशीखाली गेला, तो तिथेच राहिला. त्यात त्यांचा हट्ट म्हणावा तर नाही. तो तक्ता त्यांच्यासाठी केलेलाच नव्हता. आता कल्पना करा, तिथे आपल्यातली एखादी शिकलेली मुलगी असती तर? तिला चौविहार समजावून द्यावा लागला नसता. चातुर्मासात हिरवा पाला बंद, मग फोलेट कुठून? तर मूग, चणे यांतून. डाळीबरोबर लिंबू पिळा म्हणजे लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा नको, तो लोहाला अडवतो. बी-१२ वनस्पतीत नसतंच, तेव्हा दूध-दही किती घेता ते बघा, आणि कमी पडत असेल तर रक्त तपासून डॉक्टरांकडून गोळी घ्या, लाजू नका. भात-डाळ, पोळी-डाळ एकत्र का खायची, तर धान्यात जे प्रथिन कमी ते डाळीत असतं आणि डाळीत कमी ते धान्यात, म्हणून. द्विदळाचा नियम पाळूनही हे सगळं जमतं. वर्षीतप करणाऱ्या बाईला मधुमेह असेल, तर कुणाला विचारून करायचं, हेही ती सांगेल. नियम मोडायला सांगणारी डॉक्टर आपण टाळतो, आणि काहीच न विचारता तप करणारीचं कौतुक करतो. मध्ये उभं राहून दोघांना समजावणारं माणूस आपल्याकडे कमी आहे.

दुसरी गरज आपल्या घराच्या भिंतीपलीकडची. चलथाणच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की डांगातून, खानदेशातून ऊसतोडीला माणसं येतात. आपण त्यांना कोयतेवाले म्हणतो. पहाटे उसाच्या फडात वाकलेल्या त्या बायका तुम्ही महामार्गावरून जाताना पाहिल्या असतील. काहीजणी गरोदर असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या बायकांत रक्त कमी असलेल्या देशात ५७ टक्के निघाल्या, महाराष्ट्रात सुमारे ५४, आणि आपल्या गुजरातेत ६५ टक्के. शंभरात पासष्ट. ल्यूसी विल्स मुंबईत येऊन नव्वद वर्षं उलटल्यावरचा हा आकडा आहे. या पासष्टांत फडातली बाई आहे आणि सोन्याच्या पाटल्या घातलेली आपली वहिनीही आहे. १९७५ साली २ ऑक्टोबरला देशात तेहतीस ठिकाणी अंगणवाडी योजना सुरू झाली. आज ती गावोगावी आहे. गोळी तिथे मिळते. पण ती कोण खातं, कोण टाकून देतं, का टाकतं, मळमळ होते म्हणून की नवरा हसतो म्हणून, हे जवळ बसून विचारायला शिकलेलं माणूस लागतं. त्यातून आपल्यासारखी मराठीही बोलणारी असेल, तर खानदेशातून आलेली ती बाई तिच्याशी मन मोकळं करेल.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाची मुलगी "न्यूट्रिशन" म्हणाली, की आपण काय करायचं? एक तर "स्वयंपाकाचंच ना" हे वाक्य गिळायचं. दुसरं, तिच्या आईला बाजूला घेऊन सांगायचं, की बडोद्याची दोन वर्षं आणि इस्पितळाचे सहा महिने हे एकच शिक्षण आहे, अर्धं तोडू नका. तिसरं, आपल्या संघात तपश्चर्येच्या बहुमानासाठी आपण हौसेनं पैसे जमवतो. त्यातला थोडा भाग बाजूला काढून एखाद्या मुलीचा त्या सहा महिन्यांचा राहण्या-जेवणाचा खर्च उचलायचा. सुरतेत किंवा बडोद्यात कुणाकडे मागची खोली रिकामी असेल तर तेवढीही पुरते. आणि पर्युषणाच्या आधी एका दुपारी अशा शिकलेल्या मुलीला उपाश्रयात बोलवायचं, बायकांनी आपापले रक्ताचे रिपोर्ट घेऊन यायचं.

आमच्या जाऊबाईंचं अजून ठरलेलं नाही. एक स्थळ आलंय, मुलाकडच्यांनी विचारलंय की मुलगी इस्पितळात काम करणार का. मी म्हटलं, त्यांना उलट विचारा, तुमच्या घरात रक्त कुणाकुणाचं कमी आहे. जाऊबाई हसल्या, पण फोन काही त्यांनी अजून केलेला नाही.